कडेवरचं वजन

नाथाजी पार्टेला त्याची स्वतःची मुलगी काका म्हणायची. घरात धाकट्या भावाची तीन पोरं होती, ती त्याला काका म्हणत. राजेश्वरी बोलायला लागली तशी तिनंही तीच हाक उचलली. कुणी तिला दुरुस्त केलं नाही. मला हे समजलं तेव्हा मी नाथाजीला विचारलं, "तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटायचं काय त्यात? हाक मारती न्हवं?" तो म्हणाला. मग जरा थांबून, "जवळ येत न्हाई, त्याचं वाटतं."

पंचाण्णव साल होतं. मेढ्याच्या वरच्या अंगाला, चढणीवर, हिरडवाडी म्हणून चाळीस घरांची वाडी आहे. तिथला हा नाथाजी अठराव्या वर्षी बेळगावला भरती झाला आणि पंधरा वर्षं नोकरी करून, नाईक होऊन, चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात पेन्शनीवर घरी आला. राजेश्वरी जन्मली तेव्हा तो राजौरीला होता. पहिल्यांदा तिला पाहिलं तेव्हा ती चार महिन्यांची होती, आणि घरी परतला तेव्हा वर्षाची. ती त्याला बघून आईच्या मागे लपली. नंतर लपायची सोडली, पण त्याच्याकडे झेपावली कधी नाही. आजोबांकडे जायची, सिद्धूकाकाकडे जायची. खऱ्या काकाकडे मुलगी जाते आणि ज्याला काका म्हणते त्याच्याकडे जात नाही, असा प्रकार होता.

माझी नाथाजीशी ओळख झाली ती उमामुळे. उमा साताऱ्याला आमच्या शेजारी राहायची. माहेरची सांगलीची, विश्रामबागेत वाढलेली. एका संस्थेत काम करायची. त्या संस्थेनं जावळीतल्या पाच वाड्यांत एक योजना घेतली होती. लसी, आहार, दोन मुलांमधलं अंतर, सगळं वर्षानुवर्षं बायकांनाच सांगून झालंय, आता एकदा बापांना सांगून बघावं, असा त्यामागचा विचार. महिन्यातून एका शनिवारी बापानं तीन वर्षांच्या आतलं मूल स्वतः घेऊन यायचं, स्वतः काट्याच्या झोळीत ठेवायचं, आकडा स्वतः वाचायचा. नंतर अर्धा तास बोलणं. त्या वेळी बायकांनी तिथं थांबायचं नाही, असा नियम उमानंच घातला होता. बायका दिसल्या की पुरुष आकडा न बघता बायकोकडे बघतात, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

चार वाड्यांत योजना रखडली होती. कुठं चार बाप यायचे, कुठं दोन, तेही निवडणुकीचं काही आहे का ते बघायला. हिरडवाडीत मात्र सतरापैकी सतरा. चारही महिने.

"कसं काय जमतं तिथं?" मी विचारलं.

"नाथाजी पार्टे," उमा म्हणाली. "माजी सैनिक आहेत. त्यांना आम्ही गटप्रमुख केलंय. शिट्टी वाजवतात आणि अख्खी वाडी येते."

मला ते पटेना. शिट्टी वाजवून माणसं रांगेत उभी राहतील. पोर कडेवर घेऊन उभी राहतील, हे जरा वेगळं. संसारातला पुरुष मला थोडाफार ठाऊक आहे. म्हणून नोव्हेंबरच्या शनिवारी मी उमाबरोबर गेले, नुसतं बघायला.

शाळेच्या ओसरीला तुळईवर काटा टांगला होता आणि त्याला कापडी झोळी. अंगणात खरंच सतरा पुरुष उभे होते आणि प्रत्येकाच्या कडेवर एकेक पोर. काहींनी पोराला सराईतासारखं पेललं होतं, काहींनी खताचं पोतं धरावं तसं. नाथाजी खाकी पँट, पांढरा सदरा, कडेवर एक गुबगुबीत बाळ आणि दुसऱ्या हातात रजिस्टर घेऊन उभा. हजेरी पलटणीतली.

"लालासाहेब कृष्णा."

"हजर."

लालासाहेब पुढे आला, पोर झोळीत घातलं. आकडा वाचला, नाथाजीनं नावापुढं लिहिला. "सिद्धू नानासो." एक किडकिडीत तरुण पुढं झाला, त्याच्या खांद्यावर मान टाकून एक बारीकशी मुलगी निजली होती. वजन झालं. शेवटी नाथाजीनं स्वतःचंच नाव पुकारलं, स्वतःच "हजर" म्हटलं, आणि कुणी हसलं नाही. बाळ झोळीत पाय झाडायला लागलं. "धा किलो सहाशे," नाथाजीनं वाचलं आणि लिहिलं.

"चांगली गुटगुटीत आहे की राजेश्वरी," मी म्हणाले. उमानं वाटेत तिचं नाव सांगितलं होतं.

"राजेश्वरी न्हाई. ह्यो शिवतेज."

"मुलगा? मग हा…"

"सिद्धूचा. माज्या भावाचा."

"आणि तुमची राजेश्वरी?"

"ती काय," नाथाजीनं हनुवटीनं दाखवलं. "सिद्धूच्या कडेवर."

उमा माझ्याकडे बघून हसली, आणि मग तिचं हसू हळूहळू गेलं. ती लालासाहेबाकडे वळली. "तुमच्या हातात कोण आहे?"

"ही मारुतीची मंगल. आमच्या शेजारची."

"तुमचा मुलगा कुठाय?"

"मारुतीकडं. मला भाऊ न्हाई, मॅडम. मग मारुतीला म्हनलं, तू माजा घे, मी तुजी घेतो."

सतरापैकी बारा जणांच्या कडेवर दुसऱ्याचं मूल होतं. वेगळे राहणारे पाच जण तेवढे आपापलं घेऊन आले होते. उमा पायरीवर बसली. मला मात्र आता कुठं हिरडवाडीतली हजेरी समजायला लागली होती.

"पण का?" उमानं विचारलं. "आपलं मूल आणायला काय होतं?"

पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी लालासाहेब म्हणाला, "घरात वडीलधारी बसलेली असत्यात, मॅडम. त्यांच्या पुढ्यात सोताचं पोर कसं उचलायचं? भावाचं उचललं तर चालतं."

"चालतं म्हणजे?"

"भावाचं उचललं तर मानूस मायाळू दिसतो. सोताचं उचललं तर…"

"तर काय?"

"निर्लज्ज दिसतो," मागून कुणीतरी म्हणालं, आणि तेवढ्यावर सगळे हसले.

"इथं कुठं वडीलधारी आहेत?"

"घरनं निगताना हायत की. पोर काय वाटंत सापडत न्हाई. उंबऱ्यातनंच उचलाया लागतंय."

उमाला हे कसं ठाऊक असणार? तिच्या माहेरी तिचा भाऊ पोराला स्कूटरवर पुढं उभं करून अख्ख्या विश्रामबागेला फेरी मारायचा आणि तिचे वडील फाटकातून कौतुकानं बघायचे. मूल हातात असलेला माणूस त्याचा बाप, हे तिनं धरूनच चाललं होतं. रजिस्टरही तिनंच आखलं होतं. पहिला रकाना वडिलांचं नाव, दुसरा वजन. मुलाच्या नावाचा रकाना तिनं मुद्दाम ठेवला नव्हता. बापाला वाटावं की हे आपलं काम आहे, म्हणून. या युक्तीचं संस्थेत कौतुकही झालं होतं.

"नाथाजीराव, तुम्ही तरी सांगायचं."

नाथाजी ताठ उभा राहिला. "हुकूम काय हुता, मॅडम? पुरुषमानसानं ल्हान मूल आनायचं, वजन करायचं, नावाम्होरं लिवायचं. चारी महिनं केलं. कुनी गैरहजर न्हाई."

तेवढ्यात पलीकडच्या अंगणवाडीतून राहीबाई पदराला हात पुसत आली. ही तिथली सेविका. बायकांना मज्जाव असल्यामुळे शनिवारी ती आत मुलांना वाटायची सुकडी भाजत बसायची. पुरुष हसल्याचं ऐकून काय झालं ते बघायला आली. उमानं सांगितलं. राहीबाईनं ऐकलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

"आवं, म्या कार्डं तुमच्या रजिस्टरावरनं भरली की. चार महिनं."

आता गोष्ट नुसती गमतीची राहिली नाही. अंगणवाडीत प्रत्येक मुलाचं एक वाढीचं कार्ड असतं. त्यावर महिन्याच्या महिन्याला वजनाचा ठिपका. पुरुष वजन करतातच आहेत तर पुन्हा कशाला, म्हणून राहीबाई रजिस्टरातलं वजन उचलून कार्डावर घालायची. नाथाजी नानासो, दहा किलो सहाशे. म्हणजे नाथाजीची मुलगी दहा किलो सहाशे. राजेश्वरीच्या कार्डावर ठिपके वर वर चढत होते. शिवतेजचे खालच्या रेघेखाली गेले होते. आणि त्या रेघेखालच्या मुलाला नियमानं सुकडी दुप्पट मिळते.

"म्हंजे त्या शिवतेजला…" उमा म्हणाली.

"डब्बल. चार महिनं," राहीबाई म्हणाली. "मला वाटायचं, पोर डोळ्याम्होरं फुगतंय आन् कार्ड सुकतंय. म्हनलं पुरुषांनी काटा बिगडवला. पर कार्डावर हाय म्हनल्यावर द्याया तर पायजे. वरनं तपासनी आली तर मी काय सांगू, पोर जाडं दिसतंय म्हनून?"

"आणि राजेश्वरीची आई काही बोलली नाही?" मी विचारलं.

"बोलली की. शालन दोनदा आली हुती. म्हनली, राहीबाई, पोरगी हाताला हलकी लागती. म्या तिला कार्ड दावलं. बघ, म्हनलं, चढतीय." राहीबाईचा आवाज बारीक झाला. "धोंडुबाई, तिची सासू, ती बी म्हनली, सरकारी कागूद खोटा आन् तू खरी व्हय. मग न्हाई आली."

राहीबाईनं सिद्धूच्या खांद्यावरून राजेश्वरीला घेतलं आणि झोळीत ठेवलं. मुलगी जागी झाली, पण रडली नाही. काटा थरथरून थांबला. या वेळी सगळे पुरुष पुढं सरकले आणि आकडा प्रत्येकानं वाचला. सात किलो शंभर. मुलगी दोन वर्षांची होती.

"आत्ताच मेढ्याला न्ह्या," राहीबाई म्हणाली. "दवाखाना दुपारपत्तुर उगडा असतोय. अकराची यष्टी गावंल."

"सिद्धू," नाथाजी म्हणाला, "घे तिला. मी येतो संगं."

"आवं भावजी," राहीबाई म्हणाली, "तितं डाक्टर इचारंल, बाप कोन. सिद्धू काय सांगंल? पोरगी काय खाती, कवा ताप येतोय? घ्या हितं." आणि तिनं झोळीतून मुलगी उचलून सरळ नाथाजीकडे दिली.

त्यानं शिवतेजला सिद्धूकडे दिलं होतं, पण हात अजून तसाच वाकलेला होता. मी त्याच्या शेजारीच उभी होते. राजेश्वरी त्या हातावर आली आणि हात वर गेला, चांगला वीतभर. भरलेली समजून घागर उचलावी आणि ती रिकामी निघावी, तसा. चार महिने तो हात शिवतेजच्या वजनाला सरावला होता. नाथाजीनं मुलीकडे पाहिलं. मग पुन्हा एकदा जरासं खालीवर करून पाहिलं. सिद्धूनं हात पुढे केला तेव्हा त्यानं मुलगी दिली नाही. राजेश्वरी त्याच्या सदऱ्याच्या बटनाकडे बघत होती. दूर सरली नाही की चिकटली नाही.

दवाखान्यात लसींचं कार्ड लागतं आणि ते घरी होतं. घराच्या ओट्यावर नानासो बसलेले. नानासो म्हणजे नाथाजीचे वडील, सत्तरीचे. घायपाताचं दावं वळत ते दिवसभर तिथंच असत. त्यांची एक ख्याती होती. मेढ्याच्या बाजारात बोकड नुसता दोन्ही हातांनी उचलून ते वजन सांगत, आणि ते पावशेराच्या वर कधी चुकत नसे. खाटीकसुद्धा त्यांना घरून बोलावून नेत.

उमा आणि मी मागून चाललो होतो. मला बघायचं होतं, हे कबूल करते. कोपऱ्यावर आल्यावर नाथाजीचा पाय क्षणभर अडला. सिद्धू हलक्या आवाजात म्हणाला, "दादा, दे हिकडं. आबा बसल्यात." नाथाजी तसाच पुढे गेला.

नानासोंनी मान वर केली. आधी लेकाकडे पाहिलं, मग त्याच्या कडेवर. मग नजर दाव्यावर नेली. "कुटं निगाला?"

"मेढ्याला. दवाखान्यात."

"सिद्धू कुटाय?"

"हाय की हितंच."

यावर नानासो काही बोलले नाहीत. सिद्धू असताना तू कशाला, हे त्या न बोलण्यात होतं आणि ते सगळ्यांना ऐकू आलं. आतून धोंडुबाई दारापर्यंत आली आणि पदर सावरून परत मागे झाली. शालन तिच्यामागे उभी. तिची नजर नवऱ्याच्या हातावर.

"आबा," नाथाजी म्हणाला, "हिला जरा घ्या." त्यानं राजेश्वरी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"रोज तर घेतोय."

"तसं न्हाई. उचला. बाजारात उचलताय तसं."

नानासोंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "पोर काय बोकड हाय व्हय रं?"

"उचला तर."

नानासोंनी दावं बाजूला ठेवलं. दोन्ही हात मुलीच्या काखेत घातले आणि तिला वर धरली. तिला तो खेळ वाटला, ती हसली. म्हातारा हसला नाही. त्यांनी तिला खाली घेतलं, पुन्हा उचललं. मग न विचारता सिद्धूच्या हातातून शिवतेजला घेतलं, उचललं, खाली ठेवलं.

"साडेधा," ते शिवतेजकडे बघून म्हणाले. मग राजेश्वरीवर हात ठेवला. "ही सात. कार्डावर तर धा म्हनत हुता."

"कार्ड चुकलं, आबा. आमी चुकिवलं."

"रोज मांडीवर बसती माज्या," नानासो म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. "बाजारातलं बोकड उचलून बघतोय."

शालन आतून कार्ड आणि मुलीचा स्वेटर घेऊन आली, ओट्याच्या कडेला ठेवून उभी राहिली. नानासोंनी स्वेटर उचलला, राजेश्वरीच्या डोक्यातून घातला. एक हात बाहेर येईना तो ओढून काढला. मग तिला उचललं आणि स्वतःच नाथाजीच्या हातावर दिली. दोन्ही हातांनी, सगळ्यांच्या देखत.

"जा," ते म्हणाले. "यष्टी जाईल. आन् शालनला बी ने. तिला ठावं आसंल ताप कवा येतोय त्यो."

मेढ्याच्या डॉक्टरांनी साताऱ्याला छातीचा फोटो काढायला पाठवलं. मुलीच्या छातीत क्षयाची लागण निघाली. लहान मुलांत होते, औषधानं बरी होते, पण सहा महिने एकही दिवस चुकवायचा नाही, असं त्यांनी बजावलं. चुकवायचं नाही म्हटल्यावर नाथाजी होता. रोज सकाळी रेडिओवरच्या सातच्या बातम्या संपल्या की तो ओट्यावर मुलीला मांडीवर घ्यायचा, गोळी चमच्यात कुसकरून मधात कालवायचा आणि पाजायचा. शालन चुलीपाशी, आई दारात, वडील समोर. पहिले चार दिवस नानासो त्या वेळी गोठ्याकडे जायचे. पाचव्या दिवशी गेले नाहीत. थंडी होती म्हणून, असं त्यांचं म्हणणं.

उमानं संस्थेत जाऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. सतरापैकी सतरा हा आकडा खोडून पाच लिहिताना तिला जड गेलं असेल, पण लिहिला. रजिस्टरात मुलाच्या नावाचा रकाना आला. पुढच्या शनिवारी हिरडवाडीत नऊ बाप आले, आपापली मुलं घेऊन. बायकांवरची बंदीही उठली. राहीबाई काट्याशेजारी उभी राहायला लागली. आणि आणखी एक बदल झाला, तो कुणाच्याच कागदावर नव्हता. उमानं म्हाताऱ्यांनाही बोलवायला सुरुवात केली. ज्यांच्यापुढे लाज वाटते तेच समोर बसलेले असले की लाज कुठं जाणार, असा तिचा हिशेब. मला शंका होती. पण नानासो आले तसे बाकीचेही आले, निदान नानासो काय करतात ते बघायला. मूल झोळीत घालण्याआधी ते उचलून आकडा सांगायचे आणि मग सगळे काट्याकडे बघायचे.

शहाण्णवच्या मे महिन्यात मी पुन्हा गेले. औषध संपायला आलं होतं. राजेश्वरी आठ किलो नऊशे भरली. नानासोंनी नऊ सांगितले होते, आणि काटा जुना झालाय, असं त्यांनी जाहीर केलं. डॉक्टर अजून समाधानी नव्हते, पण रेघ वर निघाली होती, आणि ती या वेळी तिचीच होती.

वजनं चालली होती तोवर मी नानासोंच्या शेजारी बसले आणि बरेच दिवस मनात असलेलं विचारलं. "नाथाजीला लहानपणी कोण घ्यायचं?"

"त्याचा चुलता. लय लाड केलं त्यानं."

"आणि तुम्ही?"

"मी भावाची पोरं संबाळली. तिगं बी माज्या खांद्यावर वाडली."

"नाथाजीला कधीच घेतलं नाही?"

म्हातारा विचारात पडला. खरोखर आठवत होता, उत्तर टाळत नव्हता. "न्हाई," तो म्हणाला. मग म्हणाला, "भरतीला निगाला तवा त्याची ट्रंक घेतली हुती. हितनं मेढ्यापत्तुर, डोक्यावर. त्यो म्हनत हुता, आबा, द्या, मी घेतो. न्हाई दिली."

"जड होती?"

"तेरा किलो," नानासो म्हणाले. "वर थोडं."

समोर नाथाजी रजिस्टर मिटून निघाला होता. राजेश्वरी झोळीखाली बसून दोरीशी खेळत होती. तो दहा पावलं पुढे गेल्याचं तिच्या ध्यानात आलं तशी ती उठली, धावत जाऊन त्याच्या पँटीला धरून उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले.

"काका," ती म्हणाली. "घे."

त्यानं एकदा वडिलांकडे पाहिलं आणि वाकला.